'नु'चं गाणं

तामाएने कराओकेच्या गाण्यांच्या जाडजूड सूचीतलं 'नु'चं पान उघडलं, आणि ते लगेच संपलंसुद्धा. अर्ध्या पानावरच पुढचं 'ने' सुरू होत होतं. तिने बोट खाली नेलं, पुन्हा वर आणलं. भिजलेला खांदा, भिजलेली वाट, भिजलेली बाही. जपानीत 'नुरे' म्हणजे भिजलेलं, त्यामुळे 'नु'ने सुरू होणारी बहुतेक गाणी भिजलेलीच होती. मधेच एक लहान मुलांचं, कापडी अस्वलाचं. आईचं गाणं त्यात नव्हतं.

"पुस्तक जुनं आहे गं," काउंटरमागून सेत्सुको म्हणाली. हात पुसत ती बाहेर आली आणि तामाएच्या हाताखालून सूची ओढून घेऊन तिने ती कपाटावर ठेवून दिली. "सगळी गाणी नाहीत त्यात."

"पण मशीनमध्ये आहे ना?"

"मशीनमध्ये आहे," सेत्सुको म्हणाली. आणि कॉफीचं पाणी बघायला ती लगबगीने आत गेली.

तामाए काळ्या पोशाखातच आली होती. सकाळी देवळात एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी झाला होता, टेकडीवरच्या दफनभूमीत आईच्या अस्थी वडिलांच्या शेजारी ठेवून झाल्या होत्या, आणि केसांना अजून उदबत्तीचा वास होता. मामेभावाने गाडीतून स्टेशनवर सोडतो म्हटलं होतं. ती म्हणाली, मला आधी सेत्सुकोच्या दुकानात जायचंय. त्याने विचारलं, आज? ती म्हणाली, आजच, आज गुरुवार आहे.

गुरुवारी दुपारी सेत्सुकोच्या कॉफीच्या दुकानात गावातली म्हातारी माणसं गायला जमत. गावातली निम्मी घरं एकाच आडनावाची, त्यामुळे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारीत, आणि गाण्याचा नियमही नावावरूनच ठरलेला होता. ज्याच्या नावाचं पहिलं अक्षर जे, त्याने त्याच अक्षराने सुरू होणारी गाणी म्हणायची. एकच लोकप्रिय गाणं चौघांनी म्हणायला मागायचं आणि मग पुढच्या आठवडाभर बोलणं सोडायचं, असं दोनदा झाल्यावर सेत्सुकोने हा तोडगा काढला होता. गावचं सार्वजनिक न्हाणीघर बंद पडलं तेव्हा चपलांच्या कप्प्यांच्या लाकडी किल्ल्या तिने मागून आणल्या. हाताच्या तळव्याएवढ्या फळ्या, एकेकीवर एकेक अक्षर. त्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या होत्या. माणूस गेलं की त्याची फळी उलटी करायची, म्हणजे अक्षर भिंतीकडे. भिंतीवर आता उलट्या फळ्याच जास्त दिसत होत्या.

'नु' अजून सुलटी होती. नुइ हे तामाएच्या आईचं नाव.

"मांजर आलं बघा," दारातून आत येत फुकुयो म्हणाली. तामा हे मांजराचं नाव, त्यावरून ही चेष्टा तामाए शाळेत होती तेव्हापासूनची. "आणि तेही काळं. ये इकडे, जवळ बस. जेवलीस का?"

तामाए जेवली होती. फुकुयोने तरीही पर्समधून भाताचा गोळा काढून तिच्या पुढ्यात ठेवला. ही आईची मैत्रीण, मासे सुकवायच्या शेडमध्ये दोघींनी शेजारी उभं राहून तीस-पस्तीस हिवाळे काढले होते.

आसाजि आला तो कोणाशी न बोलता आपल्या खुर्चीवर जाऊन बसला. सगळ्यांत वयाने मोठा, आणि 'आ' हे त्याचं अक्षर, म्हणून बैठक त्याच्यापासून सुरू होई. पूर्वी स्क्विड पकडायची त्याची स्वतःची होडी होती. नियमांच्या बाबतीत तो गलबताच्या नांगरासारखा आहे, असं आई फोनवर सांगायची; आपण ढकलून बघावं, जागचा हलत नाही.

तामाए त्याच्यापुढे जाऊन वाकली. आईची इतकी वर्षं सोबत केलीत, असं जे म्हणायचं असतं ते म्हणाली. मग सरळ उभी राहून म्हणाली, "आज मला आईचं गाणं म्हणायचंय. तुम्ही फळी उलटी करण्याआधी."

आसाजिने चष्मा काढून पुसला. "तुझं अक्षर कुठलं?"

"'ता'."

"मग 'ता'चं म्हण. 'ता'मध्ये चांगली गाणी आहेत."

"'ता'चं नकोय मला."

"नियम तुझ्या आईलाही होता," आसाजि म्हणाला. "तिने कधी मोडला नाही."

"अहो, आजच्या दिवशी तरी," फुकुयो म्हणाली. "तुमचं काय जातंय? तुम्हाला 'आ'ची जहागीर मिळाली आहे. पाऊस तुमचा, शरद ऋतू तुमचा, सकाळ तुमची, प्रेमसुद्धा तुमचंच. नुइच्या वाट्याला आलं कापडी अस्वल. आणि एवढी जहागीर असून हा माणूस दर गुरुवारी तेच एक पावसाचं गाणं म्हणतो."

हसण्याची लाट आली आणि ओसरली. आसाजि हसला नाही. त्याने सेत्सुकोकडे पाहिलं, सेत्सुकोने कपांकडे.

तामाए जागेवर येऊन बसली. ती वाद घालायला आली नव्हती आणि परत जायलाही आली नव्हती. टोकियोत तिने हे गाणं पाच-सहा ठिकाणी शोधलं होतं. मशीनमध्ये अक्षरं टाकायची: नु, शि, नो, ना, इ. 'नुशि नो नाइ फुने', धनी नसलेली नाव. दर वेळी पडद्यावर तेच उत्तर यायचं, असं गाणं नाही. एका दुकानातल्या पोरीने, नाव नक्की हेच ना, असं विचारलं होतं, तेव्हा तामाए जरा कोरडेपणाने म्हणाली होती की हो, नक्की. शब्द नक्की असणं हाच तिचा व्यवसाय होता. एका प्रकाशनसंस्थेत ती मुद्रितं तपासायची. लाल पेन्सिल, दिवसभर, पंचवीस वर्षं.

आईला त्या लाल पेन्सिलीचा अभिमान होता आणि थोडी भीतीही. तामाए शहरात गेल्यावर पहिली काही वर्षं पत्रं यायची, मग फोन येऊ लागले. पत्रात चुका दिसतात, फोनवर दिसत नाहीत, असं ती हसत म्हणायची. पंधराव्या वर्षी शाळा सोडून ती शेडमध्ये उभी राहिली होती. एकदाच ती टोकियोला आली, तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर मुद्रितं पसरलेली होती. तिने बराच वेळ त्यावर हात न टेकवता वाकून पाहिलं. मग एका ठिकाणी बोट दाखवून विचारलं, इथे तू 'इकि' का लिहिलं आहेस? 'इकि' म्हणजे जिवंत. तामाएने सांगितलं, एखादा शब्द चुकीचा म्हणून मी खोडते, आणि मग लक्षात येतं की तो तसाच हवा होता, तेव्हा शेजारी हे लिहायचं. म्हणजे छापणारा तो शब्द होता तसा राहू देतो.

"लहान मासा जाळ्यातून परत सोडतात तसं," आई म्हणाली होती.

आईचं गाणं तिने कधी पूर्ण ऐकलं नव्हतं. सुट्टीत घरी आल्यावर भांडी घासण्याच्या आवाजातून ते येई, पहिलं कडवं आणि धृपद. वडील गेल्यावर त्यांची होडी दोन वर्षं धक्क्याला बांधून होती, मग विकली. आई या बैठकीला जायला लागली ती त्यानंतर. 'नुशि' या शब्दावर ती रेंगाळायची. 'नुऽशि', जणू दोरी सोडता सोडता हात थांबावा. पुढचं कडवं काय आहे असं विचारलं की म्हणायची, ते तिथे टीव्हीवर दिसतं, मी कुठे पाठ करू. गुरुवारी तूही चल, असं मात्र ती कधी म्हणाली नाही. तू आलीस की मी चुकेन, म्हणायची.

आसाजि उठला आणि त्याने बैठक सुरू केली. पावसाचं गाणं. आवाज जुना झाला होता, पण सूर जागेवर होता. पडद्यावर शब्द येत होते, तो त्यांच्याकडे बघत नव्हता. मग 'का', मग 'सा'. सेत्सुको प्रत्येक अक्षर पुकारी, ज्याचं असेल तो उठे, कोणी नसेल तर ती पुढे जाई.

"'ता'," सेत्सुको म्हणाली.

सगळ्यांनी तामाएकडे पाहिलं. तिने भाताच्या गोळ्याचा कागद उलगडला, एक घास घेतला, चावला. उठली नाही.

"'ता' गेलं हं," आसाजि म्हणाला.

"जाऊ दे," तामाए म्हणाली.

फुकुयोने टेबलाखाली तिच्या गुडघ्यावर थोपटलं.

'ना' घेणारी बाई आता मुलाकडे ओसाकाला राहत होती. 'नि' केव्हाच उलटी झाली होती. सेत्सुको थांबली. पुढचं अक्षर तिने पुकारलं नाही. तामाए उठून माइकपाशी गेली.

तेवढ्यात आसाजिही उठला. टीव्हीमागे हात घालून त्याने प्लग काढला. पडदा काळा झाला.

"टीव्ही बिघडलाय," तो म्हणाला.

"आत्ता तर चालत होता," कोणीतरी म्हणालं.

"आत्ताच बिघडला." प्लग त्याच्या हातातच होता. "म्हणायचं असेल तर तोंडाने म्हण. नियम सोडला, जा. पण पडदा कशाला हवा? नुइने कधी पडद्याकडे पाहिलं नाही."

"तिने पाहिलंच. दुसरं कडवं तिला पाठ नव्हतं, तिनेच सांगितलंय मला. मलाही नाही."

"मग पहिलं म्हण. एक कडवं पुरे झालं."

"मला पूर्ण म्हणायचंय, आसाजि-सान." तिचा आवाज चढला नाही. "मी हे गाणं टोकियोभर शोधलं. कुठेच नाही. फक्त इथे आहे. आज रात्रीच्या गाडीने मी जाणार, घरही रिकामं झालं. माझ्याजवळ अर्धंच गाणं आहे. उरलेलं मला हवंय. तुम्ही प्लग लावेपर्यंत मी इथे उभी राहते."

ती उभी राहिली. दोन्ही हातांनी माइक धरून, आई बंदरावर होडीची वाट बघत उभी राहायची तशी, पाय जरा फाकवून. आसाजि बसला नाही. 

शेवटी सेत्सुको काउंटरमागून आली. तिने आसाजिच्या हातातून प्लग घेतला.

"बसा तुम्ही," ती हळू म्हणाली. "आई तिची होती."

आसाजि बसला. सेत्सुकोने पाठ असलेला आकडा मशीनवर दाबला. सूर सुरू झाले, त्यामागे लाटांचा नकली आवाज, आणि निळ्या पाण्यावर गाण्याचं नाव आलं. तामाएने ते पहिल्यांदाच लिहिलेलं पाहिलं. सुरुवातीचं चित्राक्षर, उच्चार नव्हे तर अर्थ दाखवणारं, रोजच्या वाचनातलं: धनी, मालक. तिने ते आईच्या आवाजात वाचलं. लगेच नाव पुसलं गेलं आणि कडवं सुरू झालं.

तिचा आवाज आईसारखा नव्हता. पहिल्या ओळीत तो कापला, दुसरीत सावरला. भरती येते, नाव दोरी ताणते. ओहोटी लागते, नाव गाळात कलते. धृपद तिला पाठच होतं. 'नुऽशि', ती रेंगाळली, आणि रेंगाळता रेंगाळता तिची नजर पडद्यावर गेली. धनी या चित्राक्षराच्या डोक्यावर, वाचणाऱ्याच्या सोयीसाठी, बारीक अक्षरांत उच्चार दिलेला होता. तिथे 'नुशि' नव्हतं. आ, रु, जि.

चित्राक्षर एक, वाचायच्या रीती दोन. या बंदरात होडीच्या धन्याला सगळे 'नुशि' म्हणत. 'आरुजि' पुस्तकांतून येई. अक्षरं तीन होती, म्हणून सूरही तीन होते. आईचे दोनच होते, म्हणून ती पहिल्यावर थांबत होती.

कडव्यांच्या मधलं वाद्यांचं संगीत वाजत होतं. तामाएच्या उजव्या हाताची बोटं माइकवर आवळली गेली, पेन्सिल धरल्यासारखी. टोकियोतल्या कुठल्याच मशीनमध्ये ते का सापडलं नव्हतं, ते तिला कळलं. ते 'नु'मध्ये नव्हतंच. ते 'आ'मध्ये होतं.

तिने मान वळवली. फुकुयो रुमालाची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. सेत्सुको पुसलेलाच कप पुसत होती. बाकीचे आपापल्या कॉफीत बघत होते. एकटा आसाजि तिच्याकडे बघत होता, आणि बघणं तिखट नव्हतं. उखाणा घालून उत्तराची वाट बघणाऱ्या माणसाचंही नव्हतं. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. तो घाबरला होता.

दुसरं कडवं आलं. तिला ते नवीन होतं; ती शब्द न् शब्द वाचून गायली, एकही चुकली नाही. नावेत पावसाचं पाणी साठतं, त्यात आभाळ दिसतं. मग धृपद. बारीक अक्षरं पुन्हा चित्राक्षराच्या डोक्यावर आली.

"नुऽशि," तामाएने म्हटलं. पहिल्यापेक्षा मोठ्याने, आई थांबायची तेवढंच थांबून.

फुकुयोची घडी थांबली. कोणीतरी नाक ओढलं. शेवटचा सूर संपून लाटांचा आवाजही संपला, मग टाळ्या वाजल्या, म्हाताऱ्या तळव्यांच्या, मऊ.

"गळा नाही तुला," फुकुयो म्हणाली. "पण नुइच."

तामाए काउंटरपाशी जाऊन पाणी प्यायली. सेत्सुको समोरच होती. तामाएने फक्त विचारलं, हे गाणं इथे आणलं कोणी. सेत्सुकोने कप खाली ठेवला आणि आवाज न करता सांगितलं. गाणं तेव्हा नवीन होतं. आसाजिने मुद्दाम मागवून घेतलं होतं, महिनाभर जाळ्यांच्या शेडमध्ये बसून पाठ केलं होतं, त्या गुरुवारी पहिल्यांदा म्हणणार होता. नुइला येऊ लागून दोन-तीन महिने झाले होते आणि दर वेळी कापडी अस्वल; लोक हसायचे, तीही हसायची, पण त्या दिवशी, हे शेवटचं, पुढच्या वेळेपासून येत नाही, असं सेत्सुकोला म्हणून झालं होतं. बैठक सुरू व्हायची होती. नव्या गाण्यांचा कागद भिंतीला लावला होता, त्यावर नुसती चित्राक्षरं. नुइने तो बघितला आणि लहान मुलीसारखी ओरडली, 'नु'चं आहे एक. नुशि नो नाइ फुने. हे माझं.

"सगळे गप्प," सेत्सुको म्हणाली. "आसाजि-सान माइक घेऊन उभे होते. मला म्हणाले, पावसाचं लाव."

तामाएने पाण्याचा पेला पुन्हा भरून घेतला. तो तसाच ठेवून ती माइक घेऊन आसाजिपाशी गेली आणि दोन्ही हातांनी तिने तो पुढे केला.

"एकदा तुम्ही म्हणा. मला ऐकायचंय."

आसाजिने माइककडे पाहिलं. हात वर आला, अर्ध्यात थांबला, परत गुडघ्यावर गेला.

"ते 'नु'चं गाणं आहे," तो म्हणाला. "माझं अक्षर 'आ'."

तामाएने माइक खाली घेतला. मग वाकली, सकाळी देवळात वाकली होती त्याहून खाली.

आता फळी राहिली होती. आसाजिनेच ती उलटी करायची, तसा रिवाज होता. तो स्टुलावर चढला, फुकुयोने स्टूल धरलं, पडलात तर 'आ'ही उलटी करावी लागेल म्हणाली. खिळ्यावरून 'नु'ची फळी काढून तो ती हातात फिरवणार, तोच तामाएने हात पुढे केला.

"जरा द्या."

त्याने दिली. कडा गुळगुळीत झाल्या होत्या, अक्षर मधोमध खोल कोरलेलं. तिने पर्स उघडली. लाल पेन्सिल कायम तिथेच असायची. काउंटरवर फळी ठेवून तिने अक्षराच्या शेजारी, जिथे लिहायचं असतं तिथे, दोन बारीक अक्षरं लिहिली. लाकडावर पेन्सिल उमटेना, म्हणून ती दोनदा गिरवली.

आसाजिने फळी डोळ्यांजवळ नेली.

"'इकि'," त्याने वाचलं. "हे काय?"

"आमच्या कामातली खूण आहे. होतं तसंच ठेवा, असा अर्थ."

आसाजिने फळी लांब धरली, पुन्हा जवळ आणली. नियमांत हे कुठे बसतं ते तो बघत असावा. मग वळून त्याने ती खिळ्याला लावली, अक्षर खोलीकडे, आणि वाकडी राहिली होती ती बोटाने सरळ केली.

"'फु'," स्टुलावरूनच तो म्हणाला. "'फु' कोण आहे? चला लवकर, तिची गाडी आहे."

फुकुयो उठली.